लॉरेलच्या वळणावरची घोडी

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

टेसानं ही वही आणून दिली. शाळेच्या सायकल-संघाची ती प्रशिक्षक. वय बत्तीस, आवाज शिट्टीसारखा.

"जुन्या दिवसांचं आठवेल ते लिहीत जा, लायल. सव्वीस ऑक्टोबरला लॉरेलची वाट उघडायची, आणि भाषण तुम्हीच करायचं. त्या काळातले सायकलवाले गावात तुम्ही एकटेच उरलात."

"ऑगी होता."

"होते. म्हणूनच तर म्हणतेय, लवकर लिहा."

ऑगी बर्टोली एप्रिलमध्ये गेला, तिकडे ऑरेगनमध्ये. मला पत्र आलं ते अंत्यविधी उरकल्यावर. छत्तीस वर्षांत आम्ही चारदा भेटलो असू. त्याआधीची दहा वर्षं मात्र एकही दिवस भेटल्याशिवाय गेला नव्हता.

सुरुवात कशी झाली ते सगळ्यांना हवं असतं. सुरुवात भंगारात झाली. पेपर टाकणारी पोरं त्याच्याही चाळीस वर्षं आधी वापरत तसल्या जाड टायरच्या, मणभर वजनाच्या सायकली आम्ही भंगारवाल्याकडून उचलायचो. ऑगीच्या बापाच्या ट्रकात घालून डोंगरावर न्यायच्या आणि वणव्याच्या गाड्यांसाठी काढलेल्या मातीच्या रस्त्यानं खाली सोडायच्या. अंगात जीन्स, पायात सुताराचे बूट, मागे दोन कुत्री. ब्रेक एकच, उलटं पेडल मारलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत मागच्या हबातलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग संध्याकाळी माझ्या गॅरेजात हब उघडून नवं ग्रीस भरायचं आणि उद्या पुन्हा वर. खेळाला नाव नव्हतं. आम्हाला कुणी नाव विचारलंही नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

वाट बंद का झाली हेही लिहायला हवं. टेसाच्या पोरांना ते माहीत नाही.

१६ ऑक्टोबर १९८३, रविवार. कारिन ओस्लुंड, वय चौतीस, घोडीवर बसून लॉरेलच्या झाडीतल्या वाटेनं वर चालली होती. वळणावर समोरून एक सायकल जोरात आली. घोडी बिथरून मागच्या पायांवर उभी राहिली आणि दोघी घळीत गेल्या. घोडी तिथेच मेली, कारिन दोन दिवसांनी हॉस्पिटलात. सायकलवाला सापडला नाही. पुढच्या वर्षी डोंगरातल्या सगळ्या अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. वनरक्षक झुडपात वेग मोजायची बंदूक घेऊन बसायला लागले.

मी त्या वेळी माझ्या दुकानात होतो.

घोडी तांबडी होती. कपाळावर नाण्याएवढा पांढरा ठिपका. डाव्या रिकिबीचं चामडं नवं, पिवळसर, उजवीकडचं जुनं काळं. हे तेव्हा पेपरात आलं असावं.

११ सप्टेंबर, बुधवार

वाट साफ करायला आज तीस जण आले. पालकच जास्त. एकेकाच्या गाडीवर तीन तीन सायकली टांगलेल्या, त्यातल्या निम्म्या बॅटरीच्या. चढावर घाम नाही, गप्पा मारत वर जातात. हँडलला फोन, फोनवर नकाशा, आणि कोण किती सेकंदांत उतरलं त्याची यादी. आम्ही एकाच मनगटी घड्याळावर शर्यती लावायचो आणि निकालावरून भांडायचो.

एक बाई म्हणाली, "तुम्हाला हे सगळं बघून वाईट वाटत असेल ना?"

म्हटलं, "नाही हो. आम्ही टोळी होतो, तुम्ही गाव आहात. गाव बरं."

खरंच तसं वाटतं मला. संघात चाळीस मुली आहेत. आमच्या वेळी एकही नव्हती.

वळणापर्यंत गेलो. तिथे लॉरेलची झाडं आता दुप्पट झालीत, खाली भर दुपारीही ओलं आणि काळोखं. मी फावडं टेकलं आणि जळक्या ग्रीसचा वास आला. अगदी जवळून. मागे वळून पाहिलं तर कुणी नाही, बाकीचे शंभर पावलं खाली. तसले हब वापरायचं बंद होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. मग घळीतून पालापाचोळ्यात काहीतरी जड उठायचा प्रयत्न करतंय असा आवाज आला. उठतंय आणि बसतंय, उठतंय आणि बसतंय.

टेसानं मला धरून खाली आणलं. "पाणी कमी पिता तुम्ही," म्हणाली. असेल.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज वाटेच्या समितीची बैठक होती. विनिफ्रेड ओस्लुंड आली होती. कारिनची थोरली बहीण, आता ऐंशीची. चाळीस वर्षं एकही बैठक तिनं चुकवली नाही. दरवेळी पहिल्या रांगेत, मांडीवर कारिनचा फोटो. "सायकल" शब्द निघाला की नुसता फोटो उभा धरायची. बोलायची गरजच पडायची नाही.

आज फोटो नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? सगळ्यांच्या माना तिच्याकडे. ती काठीवर उठली.

"हरकत नाही. वर चढणाऱ्यासाठी थांबायचं, घोडा दिसला की उतरायचं, हे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि एक सुचवते. वाटेला नाव द्यायचंच असेल तर ऑगस्ट बर्टोलीचं द्या."

टाळ्या पडल्या. टेसा रडायला लागली. मी मात्र खुर्चीला धरून बसलो. ऑगीचं पूर्ण नाव तिला माहीत कसं? ते दोघं कधी बोलल्याचंही मी पाहिलं नाही. तीसच लोकांना ते नाव ठाऊक असेल, आणि त्यांच्यात तीच एकटी अशी, जिनं त्याचा तिरस्कार करायला हवा.

कारण गावात तेव्हा कुजबुज होतीच: सायकलवाला ऑगीच होता.

म्हातारी झाली, थकली. दुसरं काय कारण असणार.

२० सप्टेंबर

काही लिहिलं नाही. काल रात्रीपासून कानात खुरांचा आवाज आहे. डॉक्टर म्हणतील, रक्तदाब.

२८ सप्टेंबर, शनिवार

मी दुकानात नव्हतो.

हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नाही, कुणाशी बोललो नाही. डोरिनशीही नाही, आणि ती सव्वीस वर्षं माझी बायको होती.

त्या रविवारी मी एकटाच वर गेलो होतो. नवी सायकल होती, आम्हीच नळ्या जोडून बनवलेली पाचवी. पुढचा ब्रेक हाताचा. वळणाच्या आधी ब्रेक लावायचा असतो, तो मी लावला नाही, कारण आदल्या दिवशी ऑगी न लावता गेला होता. घोडीचे डोळे दिसले, पांढरे. माझं पुढचं चाक दगडावर आपटलं, मी झाडाला धडकलो. मी वर राहिलो, त्या दोघी खाली गेल्या.

मी कडेला जाऊन पाहिलं. वीस फूट खोल. कारिन कुशीवर पडली होती, घोडी उठू पाहत होती. मी दिसलो असेन का तिला? लॉरेलच्या पानांतून उन्हाच्या बाजूला उभा होतो. ती काहीतरी बोलली. ते मला लिहवत नाही.

मी निघालो. मदत आणायला निघालो असं स्वतःला सांगत गेलो. पेट्रोलपंपावरच्या फोनवरून कळवलं, नाव विचारल्यावर ठेवून दिला. पंप खाली गावात. चाक वाकलेलं, सायकल ओढत नेली, चाळीस मिनिटं लागली. वाटेत शेवटच्या वळणापाशी एक घर होतं आणि घरात माणसं होती. मी ते टाळून गेलो.

संध्याकाळी ऑगी गॅरेजात आला. चाक स्टँडवर लावून तो तासभर तारा आवळत, सोडत त्याचा वाकडेपणा काढत बसला. मग चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "सरळ झालं. आता कुणाला कळणार नाही."

त्याला वाटलं असेल मी नेहमीसारखा पडलो. त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याला काही माहीत नव्हतं, याचंच मला एवढी वर्षं समाधान.

६ ऑक्टोबर, रविवार

टेसा फलकाचा मजकूर घेऊन आली. "ऑगस्ट बर्टोली वाट. ज्यांनी हा डोंगर सर्वांसाठी खुला केला." माझ्या स्वयंपाकघरात बसून बरिटो खात होती.

"म्हातारबा, गावाने त्यांना असं का वागवलं हो? आई म्हणते, लोक त्यांच्या दुकानात जाईनासे झाले होते."

"लोकांना वाटायचं, तो सायकलवाला ऑगी होता."

"आणि होते का?"

"नाही."

"मग त्यांनी सांगितलं का नाही?"

मी कॉफी ओतली.

लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते मी पाहत होतो. त्याच्या दुकानाच्या काचेवर कुणीतरी घोडा खरडला तोही मी पाहिला, फडकं घेऊन मीच पुसला, आणि मित्राच्या नात्यानं केवढं मोठं काम केलं असं मला वाटलं. अठ्ठ्याऐंशी साली तो गाव सोडून गेला तेव्हा ट्रकात सामान भरायला मी होतो. "तू इथेच राहा, लेका," म्हणाला. "दोघं गेलो तर बरं दिसणार नाही." मला तेव्हा वाटलं, धंद्याबद्दल बोलतोय. पुढच्या काही वर्षांत या खेळाचे कारखाने निघाले, जगभर शर्यती झाल्या, मासिकांत आमचे फोटो आले. फोटोंत मी असायचो. ऑगी नसायचा.

आता त्याचं नाव लागतंय. पण त्या नावामागे कुजबुज राहणारच. ती काढायची तर मला सांगावं लागेल. विनिफ्रेडला आधी. ऑगीचा डाग पुसला गेला पाहिजे. तेवढं मी करू शकतो. करायलाच हवं.

१३ ऑक्टोबर, रविवार

गेलो. सकाळी धुकं होतं. तिचं घर टेकडीवर, मागे रिकामा तबेला. तिनं दार उघडलं, मला ओळखलं, आत घेतलं. चहा ठेवायला निघाली तर म्हटलं, चहा नको, आधी ऐका.

उभ्यानंच सांगितलं. ब्रेक, झाड, घळ, पेट्रोलपंप, ते टाळलेलं घर, संध्याकाळी ऑगीनं सरळ केलेलं चाक. शेवटी म्हणालो, "ऑगीनं काही केलं नव्हतं. लोकांनी उगाच त्याला..."

"बस खाली," ती म्हणाली.

बसलो.

"बर्टोली पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये इथे आला होता. तू बसलायस त्याच खुर्चीत. म्हणाला, मीच तो. पळून गेलो, माफ करा."

मी खुर्चीच्या हातांवरून हात काढले.

"मी त्याला घराबाहेर काढलं. पोलिसांना सांगीन म्हटलं. सांगितलं नाही, का ते माहीत नाही. दुसऱ्या वर्षी तो परत आला. तिसऱ्या वर्षीही आला. तबेल्याचं छप्पर त्यानं घातलं. ऑरेगनला गेल्यावर दर ऑक्टोबरला पत्र यायचं. छत्तीस पत्रं आहेत त्या खणात. मी त्याला माफ केलं, लायल. सोपं नव्हतं ते. आयुष्यात केलेलं सगळ्यात कठीण काम. बैठकांना मी फोटो घेऊन यायचे ते त्याच्यासाठी नाही, तुम्हा बाकीच्यांसाठी. फेब्रुवारीत त्याचं शेवटचं पत्र आलं, आता वाट उघडू दे म्हणून. म्हणून मी उठून उभी राहिले." ती थांबली. "आणि आता तू येऊन सांगतोस, तो नव्हताच."

"मला माहीत नव्हतं, विनिफ्रेड. देवाशपथ. त्याला माझ्याबद्दल काही कळलंय हेच मला..."

"त्याला कळलं नव्हतं? चाक कुणी सरळ केलं म्हणालास?"

मी खिडकीतून तबेल्याच्या छपराकडे पाहिलं.

"मग मी एवढी वर्षं कुणाला माफ केलं?" आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "ऊठ. जा. आणि एक कर. मला एकटीला सांगून मोकळा होऊ नकोस. भाषण तुझंच आहे ना? तिथे सांग."

टेकडीवरून सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो. ऑगी माझ्या बाजूनं चालत होता. दिसला नाही, पण त्याच्या बुटांचे खिळे खडीवर वाजत होते. मी त्याला विचारलं, मोठ्यानं विचारलं, "का केलंस?" शेजारचा माणूस गवत कापता कापता थांबून बघायला लागला.

१५ ऑक्टोबर

ऑगीनं तिला सांगितलं ते मला वाचवायला, की तिच्यासाठी, कारण तिला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं? की आदल्या दिवशी आपण ब्रेक लावला नाही, तो दोष त्यानं स्वतःकडे घेतला? पण ते तर मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. मला खरंच कळत नाही. दोन दिवस तेच चाललंय.

उद्या सोळा तारीख. दर वर्षी मी त्या दिवशी दुकान बंद ठेवायचो, आणि कुणी विचारलं तर दात दुखतोय म्हणायचो.

२१ ऑक्टोबर, सोमवार

टेसाला सांगितलं. तिला आधी कळायला हवं होतं.

"मी तुमचं नाव पोरांना सांगते. शिस्त कशी असावी, तर लायलसारखी, असं सांगते." मग, "भाषण दुसरं कुणीतरी करेल. तुम्ही आजारी आहात म्हणू. नंतर कधीतरी हे बोला, पोरांसमोर नको."

"विनिफ्रेडनं सांगितलंय."

"त्यांनी सांगितलं म्हणून? की तुम्हाला बोलायचंय?"

"मला अजिबात बोलायचं नाही."

ती उठली. दारात म्हणाली, "मग बोला." पण जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ऊन स्वच्छ होतं. दोनशे जण तरी असतील. संघाची पोरं-पोरी हेल्मेट घालून रांगेत, पालक, समिती, घोडेवाल्यांच्या क्लबाचे चौघं आपापल्या घोड्यांसह. त्यांना टेसानंच बोलावलं होतं. विनिफ्रेड बाजूला खुर्चीवर.

मी कागद नेला नव्हता. सुरुवात भंगारातल्या सायकलींपासून केली, लोक हसले. कुत्र्यांचं सांगितलं, हसले. मग म्हणालो, "ही वाट चाळीस वर्षं बंद होती ती माझ्यामुळे." एक दोघे तेव्हाही हसले. त्यांना वाटलं, पुढे गंमत आहे.

सगळं सांगितलं. ते घर टाळलं हेही. ऑगीनं माझं ओझं उचललं आणि ते मला तो एप्रिलमध्ये जाईपर्यंत, नव्हे, तेरा दिवसांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं हेही. बोलत असताना एका घोड्यानं खूर आपटला. पाणी मागितलं. कुणी हललं नाही. शेवटी टेसानंच आपली बाटली आणून हातात दिली.

टाळ्या झाल्या नाहीत. बरोबरच. एक म्हातारा, माझ्याच वयाचा, आमच्या पहिल्या शर्यतींत झेंडा धरायचा, जवळ आला आणि म्हणाला, "मी ऑगीच्या दुकानासमोर थुंकलो होतो. दोनदा. हे तू तेव्हा नाही सांगू शकलास?" आणि निघून गेला.

फीत एका मुलीनं कापली. पोरं एकेक करून वर निघाली. घोडे आधी, मग सायकली. वळणाआधी प्रत्येकानं उतरून सायकल हातात धरली, कुणी न सांगता. मी खालून पाहत होतो. डोंगर कानात अगदी शांत होता, त्याचीही भीती वाटली.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दहा वाजता दारावर काठी वाजली. विनिफ्रेड. तिचा भाचा गाडीत बसून राहिला.

ती आत आली, बसली नाही.

"एकच विचारायचंय. त्यालाही विचारलं होतं. ती काही बोलली का? बर्टोली म्हणाला, काही बोलली नाही, डोळे मिटलेले होते. मला वाटलं मला जपतोय. पण त्याला माहीतच नव्हतं, म्हणून तसं म्हणाला. हो ना?"

"हो."

"मग सांग."

एकेचाळीस वर्षं जे मी कागदावरही आणलं नाही ते तिच्यासमोर उभं राहून बोलायचं होतं.

"बोलली. दोन वेळा. पहिल्यांदा म्हणाली, 'कोण आहे तिथे?' मी उत्तर दिलं नाही."

"पुढे."

"मग म्हणाली, 'जो कोणी असशील, खाली ये आणि हिचं डोकं धर. ही उठायला बघतेय, पाय मोडून घेईल मूर्ख. माझं राहू दे, आधी हिला धर.' चिडून म्हणाली. चांगलीच चिडली होती. आणि घोडीला शिव्या घालत होती, हळू आवाजात, लाडानं घालतात तशा."

विनिफ्रेडनं टेबलाची कड धरली. मला वाटलं पडते की काय. पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, खांदे हलत होते.

"मूर्ख म्हणाली?"

"हो."

"तिला मूर्खच म्हणायची ती. चौदा वर्षं." तिनं हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले. "काही बोलली नाही म्हणे. कारिन आणि गप्प! मला तेव्हाच कळायला हवं होतं की तो माणूस तिथे नव्हता."

मी खुर्ची पुढे केली. या वेळी ती बसली. मग तिनं विचारलं, आवाज कसा होता, दुखतंय असा होता का. म्हणालो, नाही, रागाचा होता. टोपी कुठे होती. म्हणालो, झुडपात अडकली होती. ऊन होतं का तिच्या अंगावर. म्हणालो, होतं, अर्ध्या अंगावर.

भाच्यानं हॉर्न वाजवला. ती काठी शोधत उठली.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "करीन असंही नाही. एकदा केलं होतं, ते चुकीच्या माणसाच्या पत्त्यावर गेलं."

"माहीत आहे."

"पुढच्या रविवारी ये. पहिल्यापासून सांग, सावकाश. ती वळणावर दिसली तिथपासून. घोडीवर कशी बसली होती ते आधी."